चीनमध्ये राहायला जाताय? आधी भिंती वाचायला शिका

कंपनीनं शांघायला पाठवायचं नक्की केलं, बॅगेत मेतकूट, भाजणी आणि चार किलो तूरडाळ भरून झाली, आणि आता तुम्ही विचारताय की भाषा येत नसताना तिथं निभणार कसं. उत्तम निभतं. पहिलं वर्षभर माझ्याइतका सुखी माणूस त्या शहरात नव्हता. पुलाच्या कठड्यावर, बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर, लिफ्टच्या दाराशेजारी, जिकडे बघावं तिकडे लाल पट्टीवर ठसठशीत अक्षरं. मला वाटायचं, सेल लागलाय.

मग चिनीचा क्लास लावला आणि घात झाला: त्या सगळ्या सरकारी घोषणा निघाल्या.

तरीही शिकायचंच असेल तर चोवीस अक्षरांपासून सुरुवात करा. दोन-दोन अक्षरांचे बारा शब्द, 2012 पासून 'समाजवादाची गाभ्याची मूल्यं' म्हणून ठरलेले, बालवाडीच्या कुंपणापासून बसथांब्यापर्यंत सगळीकडे लिहिलेले. समृद्धी पहिली, लोकशाही दुसरी, स्वातंत्र्य पाचवं. लिफ्टमध्ये वाचताना हसू नका, वर कॅमेरा असतो. अर्थही विचारत बसू नका. 'परंपरांचा पाईक होण्याची पात्रता' आपणही दहा वर्षं रोज सकाळी हात पुढे करून मागितली. पाईक म्हणजे कोण, हे वर्गात कुणी विचारलं होतं?

ही अक्षरं वाचायची किल्ली मला मुतारीत सापडली. तिथं बरोबर डोळ्यांसमोर पाटी असते: 'पुढे एक छोटं पाऊल, सुसंस्कृतपणाकडे मोठं पाऊल.' वाचून झालं की खाली बघा. पाटी का लावावी लागली, ते फरशी सांगते. बाकीच्या पाट्याही अशाच वाचायच्या. जी गोष्ट मुबलक आहे तिची पाटी कुणी लावत नाही. 'इथे तांदूळ आहे' असं शेताच्या बांधावर लिहिलेलं मी अजून पाहिलं नाही.

खेड्यात गेलात तर भिंती निवांत बघा, तिकीट न काढता इतिहास बघायला मिळतो. 1980च्या आसपास 'एकच मूल' आलं आणि 'कमी मुलं, चांगली मुलं, जन्मभर सुख' अशा वाक्यांनी भिंती भरल्या. 2016ला दोन मुलं चालू लागली, 2021ला तीन. रंगारी तोच, शिडी तीच, फक्त मजकूर उलटा. ज्या बाईला दुसरं मूल होऊ दिलं नाही, तिच्या सुनेला आता तिसऱ्याचा आग्रह. पावसात वरचा रंग सुटला की एकाच भिंतीवर दोन्ही उपदेश दिसतात. तुम्ही दोन्हींसमोर मान डोलवायची.

मान लवचिक असलेली बरी. 2022च्या वसंतात कोविडमुळे शांघाय दोन महिने घरात कोंडलेलं होतं, तेव्हा घोषणा होती 'टिकून राहणं म्हणजेच विजय'. डिसेंबरात काही दिवसांत सगळं उठलं आणि नवी घोषणा आली: आपल्या आरोग्याची पहिली जबाबदारी ज्याची त्याची. 'मग कालपर्यंत कुणाची होती?' असं विचारणाऱ्याच्या शेजारी बसू नका.

आकड्यांचंही तसंच. शहरी तरुणांची बेकारी जून 2023मध्ये 21.3 टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारनं ऑगस्टपासून आकडा छापायचाच बंद केला. ताप चढला, थर्मामीटर फडताळात. जानेवारी 2024मध्ये विद्यार्थ्यांना वगळून मोजणारा नवा थर्मामीटर निघाला आणि ताप 14.9वर आला. मुलाचं प्रगतिपुस्तक आजीला दाखवताना ही पद्धत करून बघा: गणित वगळून.

संध्याकाळी सातला सरकारी वाहिनीच्या बातम्या लावाव्यात, 1978पासून चालू आहेत. तिथलीच लोकं सांगतात की पहिली दहा मिनिटं नेते कामात असतात, मधली दहा मिनिटं जनता सुखात असते आणि शेवटची दहा मिनिटं बाकीचं जग खड्ड्यात असतं. आपला देश बघायचा असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत या. मी तर जेवणच त्या बेतानं वाढून घ्यायचो.

मोबाइलवर लिहिताना जरा जपून. 4 जून, म्हणजे 1989मध्ये तिआनमेन चौकातल्या निदर्शकांवर गोळ्या चालल्या ती तारीख, लिहायची नसते, म्हणून लोक '35 मे' लिहीत. आता तेही चालत नाही. राष्ट्राध्यक्ष असताना हू जिंताओंनी 'सलोख्याचा समाज' ही घोषणा आणली, तेव्हा मजकूर उडवला गेला की लोक म्हणायचे 'सलोखा झाला'. तो शब्द अडकू लागला तेव्हा जवळपास तसाच उच्चार असलेला 'नदीतला खेकडा' आला. आणि पोलिसांनी 'चहाला या' म्हटलं तर जावं. चहाला नाही म्हणू नये असं आपल्याकडे म्हणतात. तिथं म्हणता येत नाही.

परदेशी माणूस म्हणून तुमचीही भिंतीवर सोय आहे. एप्रिल 2016मध्ये बीजिंगमध्ये 'धोकादायक प्रेम' नावाचं चित्रकथेचं पोस्टर लागलं होतं. डेव्हिड नावाचा देखणा परदेशी अभ्यासक श्याओ ली या सरकारी नोकर मुलीला फुलं देतो, जेवायला नेतो आणि सरकारी गुप्त कागदपत्रं मागतो. शेवटच्या चित्रात ती हातकडीत. म्हणजे फुलं घ्यायची तर आईसाठीच घ्या, आणि बिल जपून ठेवा.

दुसरी जागा डॉक्टर कोटणीसांची. भारतातून आलो म्हटलं की एखादे आजोबा 'क दीह्वा!' (हे त्यांचं चिनी नाव) म्हणून हात हातात घेतात. सोलापूरचा हा मुलगा 1938मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला, चीन-जपान युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि 1942मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. चिनी नेते भारतात आले की त्यांच्या नातेवाइकांना भेटायची रीत आहे. त्या आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं असतं, तिथं हा लेख बाजूला ठेवा. डेव्हिड आणि कोटणीस यांच्या मधे तिसरी जागा नसल्यामुळे तुम्ही आपले सोलापूरकडचे म्हणून सांगावं. मी सांगतो. मी डोंबिवलीचा आहे.

आणि एक दिवस कॅमेरा तुमच्याकडे येईल. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बागेत एका वाहिनीच्या मुलीनं मला गाठलं: आमच्या देशाच्या प्रगतीबद्दल काय वाटतं? मी तीन गोष्टी बोललो. मेट्रो झकास आहे. घरभाडं परवडत नाही. आणि व्हॉट्सॲपवर बंदी, म्हणून आईशी व्हिडिओवर बोलायचं तर चोरवाटेनं जावं लागतं. दाखवलं ते असं: मी, मागे लाल झेंडे, 'मेट्रो झकास आहे', आणि माझं हसू. ते हसू मला वाटतं घरभाड्याच्या वेळचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी गरम डंपलिंगचा डबा घेऊन दारात. फार छान बोललास, म्हणाल्या. मी खाली निघालोच होतो, तर गुडघे धरणाऱ्या या आजी लिफ्ट सोडून माझ्याबरोबर जिन्यानं उतरू लागल्या. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे थांबल्या, वर-खाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "आणि कापलं ते काय होतं रे?"