वॉटचे यंत्र घेतले म्हणजे धोका टळतो काय?

विदर्भातल्या खेड्यांत, तालुक्याच्या पानठेल्यांपासून व्हॉट्सअॅपच्या गटांपर्यंत, सध्या एक सल्ला फिरतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण) किंवा सिगारेट सोडायची असेल तर वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, घ्यावे. ते घेताना व्होल्ट ठरवायचे यंत्र टाळावे आणि वॉट ठरवायचे घ्यावे, कारण ते कॉइल जळू देत नाही. आकडा कमी ठेवला की छातीत निव्वळ वाफ जाते. इंग्लंडच्या सरकारनेच हे पंचाण्णव टक्के सुरक्षित ठरवले आहे. आणि बंदी आहे ती विकणाऱ्याला, ओढणाऱ्याला नाही. या सल्ल्यात अर्धे विज्ञान आहे, म्हणूनच तो पटतो. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेला शिकवतो, त्यामुळे विजेच्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे. बाकीचे मुद्दे त्यावरच उभे आहेत.

व्होल्ट आणि वॉट हे एकमेकांना पर्याय असलेले दोन मार्ग आहेत, हा समजच मुळात चुकीचा आहे. वेपमधली बॅटरी एका बारीक तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, वीज देते. कॉइल तापते आणि तिला लागून असलेल्या कापसाच्या वातीतले द्रव उडून त्याचे धुके होते. कॉइलमध्ये दर क्षणाला किती उष्णता निर्माण होते ते वॉटमध्ये मोजतात, आणि व्होल्टच्या वर्गाला कॉइलच्या रोधाने भागले की तो आकडा मिळतो. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर सुमारे ७.६ वॉट मिळतात. एका यंत्रावर ३.७ व्होल्ट लावले आणि दुसऱ्यावर ७.६ वॉट, तर त्या कॉइलच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक नाही. तिच्यातून वाहणारा प्रवाह तोच, उष्णता तीच आणि निघणारे धुकेही तेच.

फरक पडतो तो कॉइल बदलल्यावर. व्होल्टच्या यंत्रात आकडा ३.७ वरच ठेवून ०.९ ओहमची कॉइल बसवली, तर उष्णता दुप्पट होऊन १५ वॉटच्या पुढे जाते, आणि हा हिशेब वापरणाऱ्याने स्वतः करायचा असतो. वॉटच्या यंत्रात १० वॉट लावले, तर ते आधी कॉइलचा रोध मोजते आणि १.८ ओहमला सुमारे ४.२ व्होल्ट, ०.९ ओहमला ३ व्होल्ट असा दाब स्वतःच ठरवते. सल्ल्यातला खरा भाग एवढाच: वॉटचे यंत्र आकडेमोड वाचवते. ही सोय आहे, आणि ज्या देशांत ही यंत्रे उघड विकली जातात तिथे लोकांनी वॉटकडे वळण्याचे हे रास्त कारण आहे. तिला सुरक्षितता म्हणणे मात्र ताणून सांगणे झाले.

‘कॉइल जळू देत नाही’ या दाव्याची गफलत इथूनच सुरू होते. वॉट म्हणजे उष्णता किती वेगाने दिली जाते याचे माप. कॉइल किती तापली याचे नव्हे. वात ओली असते तोवर उडणारे द्रव उष्णता सोबत घेऊन जाते आणि कॉइलचे तापमान काबूत राहते. या द्रवातले प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन २९० अंशाला, त्यामुळे तापमान साधारण त्याच पट्ट्यात रेंगाळते. वात कोरडी पडली की तेच १० वॉट कापूस आणि उरलेसुरले द्रव करपवतात. हे यंत्राला कळत नाही, कारण कॉइलसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कांथल तारेचा रोध तापल्यावरही जवळजवळ तितकाच राहतो. तापमानावर नजर ठेवणारी यंत्रे वेगळी असतात. त्यांना निकेल, टिटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची तार लागते, कारण या धातूंचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधते. कॉइल जळू न देण्याचा गुण तापमानावर नजर ठेवण्याच्या त्या सोयीचा आहे. सल्ला देणाऱ्यांनी तो सरसकट वॉटच्या नावावर जमा केला आहे.

शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडण्याच्या सोयीचेही तसेच. ती आतल्या नियंत्रक सर्किटची देणगी आहे आणि पडद्यावर व्होल्ट दिसो की वॉट, सर्किट नीट असेल तर ती दोन्हींत असते. ज्यात सर्किटच नाही, बॅटरी थेट कॉइलला जोडलेली असते, ती यंत्रे खरोखर धोक्याची. ०.२ ओहमची कॉइल पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलला थेट जोडली तर २१ अँपिअर प्रवाह ओढते, आणि इतका भार प्रत्येक लिथियम सेलला झेपत नाही.

उलट वॉट स्थिर ठेवण्याची एक किंमतही असते, आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागू नये. फीडरच्या टोकाच्या शेतात दाब उतरला की पंपाची मोटर तेवढेच पाणी ओढण्यासाठी जास्त अँपिअर घेते आणि अखेर वाइंडिंग जळते. वॉट स्थिर राखणारे यंत्र सेलशी असेच वागते. ४० वॉटसाठी भरलेल्या सेलमधून साडेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो, सेल ३.३ व्होल्टवर उतरला की तेवढ्याच कामाला बारा अँपिअरच्या वर लागतात, आणि सर्किटमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेली नाही. म्हणजे सेल थकत जातो तसा त्याच्यावरचा भार वाढत जातो. चांगले सर्किट अशा वेळी यंत्र बंद करते. ते सर्किट चांगले आहे की नाही, हे चोरट्या मार्गाने आलेल्या मालावर कोण तपासणार?

पडद्यावरचा आकडाही वेदवाक्य नव्हे. दाब कमी करण्याऐवजी वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी साधणारी काही यंत्रे सुरुवातीच्या काळात होती. समजा ६ व्होल्ट निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद ठेवले. सरासरी ३ व्होल्ट येते आणि २ ओहमच्या कॉइलसाठी त्यावरून हिशेब ४.५ वॉटचा निघतो; प्रत्यक्षात कॉइलला ९ वॉट मिळतात, कारण उष्णता दाबाच्या वर्गावर अवलंबून असते, सरासरीवर नाही. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे गणित फळ्यावर सोडवता येते. आकडा निम्मा दाखवणारे यंत्र हातात घेऊन ‘मी कमीवरच ठेवतो’ असे म्हणणाऱ्याला मात्र ते कुणी सांगितलेले नसते. एकदा वापरून फेकायच्या वेपमध्ये तर हा वादच निरर्थक आहे, कारण त्यांतल्या बहुतेकांत ठरवायला काही नसतेच; जे काय ते कारखान्यात ठरलेले असते.

आता ‘आकडा कमी ठेवा’ हा भाग. कमी म्हणजे कशाच्या मानाने, हे सल्ल्यात कुठेच येत नाही. बारीक तारेच्या छोट्या कॉइलला १० वॉट पुरेसे असतात. जाड तारेच्या मोठ्या कॉइलला त्याच १० वॉटमध्ये जेमतेम ऊब येते. कॉइल सांगितल्याशिवाय वॉटचा आकडा सांगणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे. या दाव्यामागे एक खरे संशोधन आहे, ते इथे द्यायला हवे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी व्होल्ट ठरवता येणाऱ्या यंत्राचे धुके तपासून त्याचे निष्कर्ष एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पत्ररूपाने प्रसिद्ध केले. ५ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे मोठ्या प्रमाणात सापडली, ३.३ व्होल्टवर ती आढळली नाहीत. यावर इतर संशोधकांनी आक्षेप घेतला की त्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे वात करपण्याची अवस्था, आणि तसा कडवट झुरका माणूस घेऊच शकत नाही. मला तो आक्षेप बराचसा योग्य वाटतो. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की जास्त तापवल्यास फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी अल्डिहाइडे वाढतात आणि कमी तापवल्यास घटतात. उरलेले निरुपद्रवी असते, हे त्या दोन्ही बाजूंपैकी कुणी म्हटलेले नाही.

आणि निकोटिन तर उष्णतेने तयार होतच नाही. ते बाटलीतच असते. कमी वॉटला धुके कमी येते, म्हणून सवय झालेला माणूस जास्त झुरके घेतो, लांब ओढतो किंवा अधिक तीव्र द्रव भरतो. लहान, कमी वॉटच्या यंत्रांसाठीच निकोटिनचे क्षारयुक्त द्रव बनते. ते घशाला कमी लागते, त्यामुळे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंतचे द्रवही सहज ओढले जाते. युरोपीय संघाने ही मर्यादा २० मिलिग्रॅमवर ठेवली आहे. म्हणजे यंत्रावरचा आकडा जितका लहान, तितके बाटलीतले निकोटिन तीव्र, असा उलटा प्रकार सर्रास आढळतो. घरात लहान मूल असेल तर ही बाटली फवारणीच्या औषधाइतकीच जपून ठेवायची वस्तू आहे, आणि हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. निकोटिन सल्फेट एकेकाळी कीटकनाशक म्हणूनच विकले जात असे, आणि कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी आपण वापरतो ते इमिडाक्लोप्रिड किडीच्या मज्जासंस्थेत निकोटिनच्याच जागी जाऊन बसते.

‘निव्वळ वाफ’ या शब्दप्रयोगावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ते पाणी नसून ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुगंधी रसायने यांच्या सूक्ष्म थेंबांचे धुके आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात, बाटलीतल्या द्रवाच्या मानाने धुक्यात शिसे, क्रोमियम आणि निकेल अधिक आढळले. म्हणजे हे धातू तापणाऱ्या कॉइलच्या बाजूने आले होते. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसाच्या आजाराची जी साथ आली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले, ती मात्र मुख्यतः गांजातील घटकाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे होती. ती साध्या निकोटिनच्या वेपवर ढकलणारे संदेशही फिरतात आणि तेही तितकेच चुकीचे आहेत.

कायद्याबाबत थोडक्यात. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड; साठा करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणे हा शब्द या यादीत नाही, हे खरे. पण परदेशातून मागवणे ही आयात आहे आणि मागवलेल्या दोहोंपैकी एक मित्राला पैसे घेऊन देणे ही विक्री आहे. त्यामुळे ‘बंदी फक्त दुकानदाराला’ हे वाक्य नागपूरहून चार यंत्रे आणून गावात वाटणाऱ्या पोराच्या कामाचे नाही.

राहिला पंचाण्णव टक्क्यांचा आकडा. बारा तज्ज्ञांच्या गटाने निरनिराळ्या निकोटिन उत्पादनांच्या हानीला गुण दिले. ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आधार घेऊन इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये वेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचे म्हटले. कमी हानिकारक आणि सुरक्षित यांतले अंतर तर आहेच. पण आपल्या दृष्टीने कळीचा शब्द ‘सिगारेटपेक्षा’ हा आहे. सिगारेटची बहुतेक हानी जळण्यातून, म्हणजे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांतून होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ या पट्ट्यात धूरविरहित म्हणजे प्रामुख्याने पन्नीत घोटलेला खर्रा. खर्रा खाणाऱ्याच्या फुप्फुसात धूर जातच नव्हता. त्याने वेप हाती घेतले, तर कमी होण्यासारखा धूर नसतो आणि फुप्फुसाला एक नवी वस्तू मात्र मिळते.

सिगारेट सोडण्यात निकोटिनचे वेप मदत करते, याचा पुरावा चांगला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या २०१९ च्या चाचणीत एका वर्षानंतर वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते आणि निकोटिनचे गम, पट्ट्या वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. पण ते सर्व धूम्रपान करणारे होते, सोबत समुपदेशन होते, आणि सोडलेल्या वेपवाल्यांपैकी ८० टक्के वर्षअखेर वेपच ओढत होते. खर्ऱ्यावर यातले काहीच लागू पडत नाही, कारण खर्ऱ्यात तंबाखूच्या बरोबरीने सुपारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले. तोंडाची त्वचा आतून कडक होऊन जबडा आखडतो तो सुपारीमुळे, आणि सुपारीची सवयही वेगळी लागते. वॉट कितीही जुळवले तरी ती सवय तशीच राहते. मग माणूस खर्राही खातो आणि वेपही ओढतो.

ज्याला खरोखर सोडायचे आहे, त्याला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे, आणि औषधाच्या दुकानात निकोटिनचे गम मिळते. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल किंवा गालाच्या आत पांढुरके कडक पट्टे लागत असतील, तर गमवरही थांबू नये. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्याला, नाहीतर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, तोंड दाखवावे आणि जाण्याआधीच सुपारी बंद करावी.