काकूंचा खळखळाट

काल कट्ट्यावर विषय एकच, पक्याची आई. काकू रिटायर झाल्यावर पोहायला शिकायला लागल्या, पूलवर नव्या मैत्रिणी केल्या, आणि परवा त्यांच्याच बरोबर सहलीलाही जाऊन आल्या. बाकीचं उगाळत नाही, पण त्या सहलीवरून पक्या असा काही पेटला होता की विचारू नका.

"न विचारता गेली रे! चार दिवस!"

"सांगून गेल्या ना?" सुमी.

"सांगून गेली. विचारून नाही."

"तू ऑफिसच्या ट्रिपला जाताना विचारतोस त्यांना? परत येतोस त्या अवस्थेत, ते बघता खरं तर तूच परवानगी काढून जायला पाहिजे."

इथे नंदू घुसला. नंदूला आम्ही शास्त्रज्ञ म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "रिसर्च असं सांगतो" पासून सुरू होतं आणि कुठे संपेल ते रिसर्चलाही माहीत नसतं. तर म्हणे, वय वाढलं की माणसाने गोतावळा आटोपता घ्यायचा असतो, स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन बाईंची थिअरीच आहे तशी, आणि काकू बरोब्बर उलट करतायत, हे मानसिकदृष्ट्या चिंताजनक आहे.

"अर्धंच वाचलंस नेहमीसारखं," सुमी म्हणाली. "पुढे काळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस मनाला भिडणारी नाती ठेवतो आणि बाकीची सोडतो, असं आहे ते. काकूंनी तुझा फोन उचलणं बंद केलं ना? थिअरी सिद्ध झाली."

नंदूने चष्मा पुसला. हरला की तो चष्मा पुसतो, कॉलेजपासून.

सुमीला बोलायचा हक्क आहे कारण ती त्याच पूलला जाते. तिने सांगितलेलं आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं. काकूंना पाण्यात डोकं घालायचीच भीती. सुरुवातीला नुसतं हनुवटीपर्यंत पाणी, दोन्ही हातांनी बार घट्ट धरलेला, टोपी सारखी कपाळावरून वर सरकतेय आणि ती खाली ओढायला हात सोडवत नाही. शेजारी एक रिटायर्ड नर्स, ती पण तेवढीच घाबरलेली. ती म्हणाली मी तीन म्हणते मग दोघी एकदम. दोनलाच दोघी आत. नाकातोंडात पाणी, ठसका, आणि मग जे हसत सुटल्या की कोचने शिट्टी मारली. त्या उथळ बाजूच्या भित्र्या बायकांचा जो ग्रुप झालाय त्याचं व्हॉट्सॲपवर नाव 'खळखळाट' आहे.

"पण त्यातून निष्पन्न काय?" शास्त्रज्ञ परत आले. "छंद असावा तर त्या अमेरिकन चित्रकार ग्रँडमा मोझेससारखा. संधिवाताने भरतकाम जमेना म्हणून सत्तरी उलटल्यावर ब्रश धरला, जगभर नाव, १०१ वर्षं जगली!"

"तिची चित्रं आधी एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लावलेली होती. १९३८ मध्ये कोणा संग्राहकाची नजर गेली म्हणून तुला नाव माहिती. नसती गेली तर काय, काढली ती चित्रं वाया?" सुमी.

(इथे मी टाळी दिली. मी तटस्थ वगैरे नाहीये, आधीच सांगतो.)

पक्याचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. "त्यातली एक तर माझ्यापेक्षा लहान आहे, पस्तिशीची, आणि आईला सरळ नावाने हाक मारते! अगं-तुगं! बाबा गेल्यापासून आईला नावाने कोणी हाक मारत नव्हतं घरात."

यावर सुमीसुद्धा काही बोलली नाही. पक्याला आपण काय बोललो ते कळलं की नाही देव जाणे, कारण तो लगेच नातवाच्या शाळेच्या बसवर गेला, बस येते तेव्हा आई पूलवर असते वगैरे वगैरे.

"मग तू थांब बसपाशी," सुमी. "मुलगा कोणाचा आहे?"

नंदू तोवर दुसरा रिसर्च घेऊन तयार. कॅन्सस युनिव्हर्सिटीचा जेफ्री हॉल, २०१८. नुसती ओळख असलेल्या माणसाचा जवळचा मित्र व्हायला दोनशेहून जास्त तास एकत्र जावे लागतात म्हणे, म्हणून या नव्या मैत्र्या वरवरच्याच असणार. आता हा त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. नोकरीत ते तास आपोआप पडतात हो, शेजारच्या टेबलावर बसून, रिटायर झाल्यावर ते मुद्दाम काढावे लागतात. सुमीने तिथल्या तिथे हिशोब केला, आठवड्याला पूलवर सहा तास, म्हणजे सात-आठ महिन्यांत कोटा पूर्ण, आणि चार दिवसांच्या सहलीत तर गठ्ठ्याने तास.

"मग आपले किती झाले असतील?" नंदू जरा भावुक होऊन.

"आमचे झाले. तू बोलत असताना आम्ही लक्षच देत नाही, ते तास धरत नाहीत. शिवाय माझी सायकल पंक्चर करून गुपचूप आणून ठेवलीस, त्याचे पन्नास वजा."

"ती आधीच पंक्चर होती!" नंदू किंचाळला, आणि मग सायकल, सायकलवरून कॉलेजचं गॅदरिंग, गॅदरिंगवरून नंदूने एकपात्रीत विसरलेलं वाक्य. पक्या सगळ्यात जोरात हसत होता. मध्येच हळूच सुमीला विचारतो, पूलचा फॉर्म ऑनलाइन भरतात का गं?

"भरतात. पण ती बॅच लेडीज आहे, तुला पहाटे पाचची घ्यावी लागेल."

"पाच?" पक्याचा चेहरा बघून नंदू म्हणाला, "रिसर्च असं सांगतो..." आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या पाठीत धपाटे घातले.