सीलँड हा जगातला सर्वांत छोटा देश नव्हे

‘जगातील सर्वांत छोटा देश सीलँड, लोकसंख्या फक्त २७, स्वतःचे चलन, स्वतःचा पासपोर्ट, ब्रिटिश न्यायालयाने मान्य केलेले स्वातंत्र्य आणि जर्मनीची मान्यता’ अशा आशयाचा मजकूर समुद्रात दोन खांबांवर उभ्या असलेल्या चौथऱ्याच्या छायाचित्रासह वर्षानुवर्षे फिरत आहे. सामान्य ज्ञान म्हणून तो पाठ करणाऱ्यांची दिशाभूल होते, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

छायाचित्रातली वस्तू खरी आहे, पण ती भूमी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांशी लढण्यासाठी ब्रिटिश नौदलाने हा ‘रफ्स टॉवर’ इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर उभारला. काँक्रीटचा प्रचंड तराफा, त्यावर दोन पोकळ खांब आणि माथ्यावर तोफांचा चौथरा असे हे बांधकाम ओढत नेऊन वाळूच्या दांड्यावर बुडवले गेले. १९५६ साली ते रिकामे झाले आणि १९६७ मध्ये विनापरवाना रेडिओ केंद्र चालवणारे माजी मेजर रॉय बेट्स यांनी ताबा घेऊन त्याला स्वतंत्र देश म्हणून जाहीर केले. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार मात्र अशा कृत्रिम बांधकामाला बेटाचा दर्जा मिळत नाही.

न्यायालयाने स्वातंत्र्य मान्य केले, हा दावा १९६८ च्या निकालाचा विपर्यास आहे. जवळ आलेल्या कामगारांच्या दिशेने टॉवरवरून गोळीबार केल्याचा तो खटला होता. तेव्हा ब्रिटनची सागरी हद्द तीन सागरी मैलांची असल्याने आपला अधिकार तेथे पोहोचत नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. १९८७ मध्ये ही हद्द बारा मैलांपर्यंत वाढवली गेली आणि टॉवर तिच्या आत आला.

जर्मनीची गोष्ट तर अगदी उलटी आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये टॉवरवर हल्ला झाला, तेव्हा बेट्स यांनी पकडलेल्या एका जर्मन माणसाच्या सुटकेसाठी जर्मन मुत्सद्दी तेथे गेला आणि त्या भेटीलाच बेट्स कुटुंबाने मान्यता मानले. प्रत्यक्षात त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्याच कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने सीलँडला राज्याचा, म्हणजे स्वतंत्र देशाचा, दर्जा नाकारला होता. राज्याला पृथ्वीचा नैसर्गिक भूभाग लागतो आणि एकत्र आयुष्य काढणारा समाज लागतो. येथे दोन्ही नव्हते. आजही एखाद-दुसरा राखणदार तेथे राहतो, त्यामुळे २७ च्या आकड्याला अर्थ उरत नाही. नाणी आणि पासपोर्ट कोणीही छापू शकतो. ते स्वीकारणारे राष्ट्र लागते आणि सीलँडला एकाही देशाची मान्यता नाही.

सर्वांत छोटा देश व्हॅटिकन सिटी आहे: इटली आणि पोप यांच्यातल्या १९२९ च्या लॅटरन कराराने स्थापन झालेला, सुमारे ४४ हेक्टरांचा. ‘देश’ हा शब्द जपून वापरावा असे मला कळकळीने वाटते, कारण प्रशांत महासागरातल्या तुवालूसाठी तो अस्तित्वाचा प्रश्न आहे. केवळ २६ चौरस किलोमीटरची, चढत्या समुद्राने वेढलेली त्याची भूमी उद्या पाण्याखाली गेली, तरी आपले राज्य कायम राहील, अशी तरतूद त्या देशाने २०२३ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेत केली आहे.