दिसला का?

आमच्या घरात हल्ली मला दिवसातून किमान आठ वेळा एकच प्रश्न विचारला जातो. "दिसला का?" पूर्वी हा प्रश्न चष्म्याबद्दल असायचा आणि तो मी विचारायचो. आता मुलगी विचारते, बायको विचारते, आई विचारते. तिघींची बोटं खिडकीबाहेरच्या एकाच झाडाकडे रोखलेली असतात. झाड मला दिसतं. झाडाबद्दल माझी काही तक्रार नाही.

सुरुवात शाळेच्या प्रकल्पाने झाली. घरातून दिसणाऱ्या पक्ष्यांची आठवडाभर नोंद करायची होती. आठवडा संपला, प्रकल्प जमा झाला, त्यावर 'छान' असा शेराही आला. पण वहीत पानं उरली होती. मुलीने मग पट्टीने चार रकाने आखले: आजी, आई, मी, बाबा. गेल्या सोमवारपर्यंत आजीच्या रकान्यात 31 पक्षी होते, आईच्या 34, मुलीच्या 38. माझ्या रकान्याची सुरुवात कावळा, कबूतर, चिमणी आणि पोपट अशी. पोपटापुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण तो मी आवाजावरून ओळखला होता आणि आवाज शेजाऱ्यांच्या मोबाइलचा निघाला.

आता, मला कमी दिसतं म्हणावं तर तसंही नाही. चष्म्याचा नंबर गेली सहा वर्षं तोच आहे. पण पक्षी दिसणं हे डोळ्यांचं काम नसून नशिबाचं आहे, असं माझं मत होत चाललंय. माणसाच्या डोळ्याला हालचाल आधी कळते, वस्तू नंतर. पक्षी उडून फांदीवर बसतो तेव्हा या तिघी नेमक्या खिडकीशी असतात. त्यांची हाक ऐकून मी हातातलं काम टाकून येईपर्यंत तो बसलेला असतो, आणि बसलेला पक्षी म्हणजे पान. हलणारं पान म्हणजे पुन्हा पानच. मी जातो कुठे?

त्यात बोट दाखवण्याची पद्धत. बायकोचं बोट तिच्या डोळ्यासमोर असतं, माझा डोळा तिच्या खांद्याच्या मागे दीड हातावर. तिच्या बोटाच्या टोकावर सुभग पक्षी बसलेला असतो, माझ्यासाठी त्याच टोकावर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी असते.

"अहो, ती जाड फांदी दिसतेय ना?"

"कुठली? तिथे सहा जाड फांद्या आहेत."

"जी वाकडी झालीय ती."

"सगळ्याच वाकड्या आहेत."

"तिच्यावरून वर जा, मग डावीकडे, तिथे तो हिरवा पानांचा झुपका..."

हिरवा पानांचा झुपका! झाडावर! ज्या बाईला मी आयुष्यभर पत्ता विचारत आलोय, तिने हा पत्ता सांगावा.

मुलगी आधुनिक आहे, ती घड्याळ वापरते. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, शेंडा म्हणजे बारा. "बाबा, दोन वाजता!" पण शिरीषाच्या पसरट झाडाला शेंडा असतो कुठे? त्याच्या डोक्यावर नुसतं पठार. या झाडाचे बारा नक्की कुठे वाजतात, यावर आमचा वाद होईपर्यंत पक्षी उडून जातो आणि बारा माझे वाजतात.

सगळ्यात जिव्हारी लागते ती आई. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. तेव्हापासून समोरच्या तिसऱ्या मजल्यावर पडदे बदलले की तिला आधी कळतं. ती खुर्चीतून उठत नाही, बोट दाखवत नाही, नुसतं म्हणते, "चष्मेवाला आलाय रे." चष्मेवाला हा पक्षी आहे. चिमणीपेक्षा लहान, हिरवट पिवळा, डोळ्याभोवती पांढरं गोल कडं. एकटा कधी येत नाही, डझनभर येतात आणि एकेका पानाखाली डोकावून किडे शोधतात. म्हणजे बारा चष्मेवाले समोर बागडतायत आणि घरातल्या एकमेव चष्मेवाल्याला त्यातला एकही दिसत नाही.

मग दुर्बीण आणली. 8 बाय 42. त्यातला 8 म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुर्बिणीतून मला पानं आठपट जवळ दिसू लागली. एका पानाची मधली शीर, शिरेवरून चाललेली मुंगी, आणि या सगळ्याभोवती काळंकुट्ट वर्तुळ. दोन महिने मी ते वर्तुळ मुकाट्याने सोसलं, दुर्बिणी अशाच असतात असं समजून. एकदा मुलीने हातातून घेऊन पाहिली आणि डोळ्यापाशी असलेली रबराची दोन कडी फिरवून आत दाबली. "चष्मा असला की ही आत घ्यायची असतात, बाबा." चार सेकंदांत झालं. जग एकदम रुंद झालं, आणि त्या रुंद जगात पानं आणखी जास्त निघाली.

पुस्तकंही चाळली. पक्ष्यांच्या पुस्तकांत मापं ठरलेली: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा. हिशोब सोपा आहे, फक्त त्यासाठी आधी पक्षी दिसावा लागतो. आणि नावं तरी काय एकेक! वटवट्या नावाने तर एक अख्खा जमाव आहे, सगळे मातकट, सगळ्यांची शेपटी लांब. शिंपी घ्या. जेमतेम पाच इंचांचा जीव, चोचीने पानं शिवून त्यात घरटं करतो, आणि आवाज असा की वाटावं कोणीतरी शिट्टी घेऊन सोसायटीची मीटिंग बोलावतंय. एवढा मोठा आवाज, तोही दहा फुटांवरून, आणि शिवणारा गायब.

एकदा मात्र मी स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, एक पक्षी पाहिला. कावळ्यापेक्षा थोडा लहान, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. मी "ससाणा! ससाणा!" असं ओरडत घर डोक्यावर घेतलं. तिघी आल्या. मुलीने एक नजर टाकली.

"कोकिळा आहे, बाबा."

"कोकिळा काळी असते."

"काळा तो कोकीळ. गातो पण तोच. ही नुसती किक-किक करते."

आजवर मी जिच्या गळ्याचं इतकं कौतुक केलं, ती गातच नव्हती. वहीत नोंद झाली, पण ती आईच्या मध्यस्थीने.

याच सुमारास मी खोटं बोलू लागलो. "दिसला का?" "हो हो, दिसला! वा!" किती सोपं होतं! तिघी खूश, मी मोकळा. पण लवकरच उलटतपासणी सुरू झाली. "तोंड कुठे होतं?" पन्नास टक्के शक्यता धरून मी "उजवीकडे" म्हणायचो. काही दिवस निभावलं. मग एका रविवारी मुलगी कुजबुजली, "बाबा, हलू नका. वाळलेल्या फांदीच्या टोकाला शिक्रा." मी दुर्बीण लावली, मनापासून मान डोलावली. "काय रुबाब आहे! डोळे बघ कसे लाल आहेत."

"तिथे काही नाहीये," ती म्हणाली. "मी बघत होते तुम्ही काय म्हणता ते."

त्या दिवसापासून माझ्या रकान्यातल्या नोंदींपुढे कंसात एक शब्द येऊ लागला. कोतवाल (म्हणे). दयाळ (म्हणे). बायकोला हे इतकं आवडलं की "ऑफिसात फार काम आहे" हे वाक्यही आता ती कंसासकट ऐकते.

माझ्या वाट्याला सुख आलं ते तांबटाने. उन्हं तापली की हा दिवसभर टुक् टुक् टुक् करत बसतो, कोणी भांड्याला ठोके घालावे तसा. रंग हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. नुसतं वर्णन वाचलं तर वाटेल, हा लपणार कसा? पण ओरडताना तो मान इकडून तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज एकदा या फांदीवरून येतो, एकदा त्या. सलग तीन दुपारी घरातल्या चारही माणसांनी तो शोधला आणि चौघांनाही तो मिळाला नाही. त्या तीन दुपारी मी फार आनंदात होतो. उगाच येता-जाता विचारायचो, "दिसला का?"

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी गाडीतलं सामान काढायला खाली उतरलो होतो. कंपाउंडच्या भिंतीलगत जुनं उंबराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला माझ्या डोक्याच्या जरा वर एक ढोली. सहज वर पाहिलं तर ढोलीतून दोन पिवळे डोळे माझ्याकडे बघत होते. वर पांढऱ्या भुवया, कपाळावर बारीक ठिपके, आणि चेहऱ्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीचे भाव. पिंगळा. मी थांबलो, तसं त्याने डोकं खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं, जणू मला मापत होता. मग त्याच्या बगलेतून दुसरं डोकं वर आलं. दोघं मिळून मला खालवर मापू लागले. पानं नाहीत, दुर्बीण नाही, घड्याळ नाही. हातभर अंतरावर दोन पिंगळे, आणि त्यांना मी दिसत होतो.

मी सामान तिथेच टाकून तीन मजले पायऱ्यांनी चढलो. तिघींना चपला शोधू दिल्या नाहीत. आई लिफ्टने आली. आम्ही पोहोचलो तेव्हा ढोली रिकामी होती.

"तिथेच होते! ती ढोली दिसतेय ना? तिच्यावरून वर जा, ती वाकडी फांदी, तिथे तो पानांचा झुपका..."

मुलगी आणि बायको वर बघत राहिल्या. अंधारून आलं होतं. दोघींनी कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली, एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे. मला त्या हालचाली ओळखीच्या वाटल्या.

"हो हो, दिसला रे," आई म्हणाली. "वा!"

मी तिच्याकडे पाहिलं. ती झाडाकडे नाही, लिफ्टकडे बघत होती.

"तोंड कुठे होतं?" मी विचारलं.

"तुझ्याकडे," आई म्हणाली.

रात्री वही उघडून पाहिली. आजीच्या रकान्यात 32वी नोंद होती: पिंगळा. माझ्या रकान्यात, त्याच तारखेला: पिंगळे 2 (म्हणे).