भरवसा शनिवारी दिसतो

चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायच्या वेळी, आपल्याकडे कोण उभं राहतं, ते कधी नीट बघितलंय का? ज्याच्या मुलाला नोकरी लागली तो. जिची गाठ साधी निघाली ती. ज्यांचा अडकलेला प्लॉट सुटला ते. त्यांचा आनंद खराच असतो आणि देवाचे आभार मानायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या मुलाला नोकरी लागली नाही, तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि घरी जाताना बायकोला विचारतो, "आपलाच विश्वास कमी पडला का गं?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून आज जरा लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा, विश्वासावरचा अकरावा अध्याय आपण संडे स्कूलपासून घोकतो. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे. तेहतिसाव्या वचनापासून तर नुसती विजयाची मिरवणूक आहे. राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, बायांना त्यांची मेलेली माणसं जिवंत परत मिळाली. घरसभेत वाचणारा बहुतेक वेळा इथंच थांबतो. पण पस्तिसावं वचन मध्यातच वळण घेतं. पुढं टवाळी आहे, फटके आहेत, बेड्या आहेत, दगडमार आहे, करवतीनं चिरलेली माणसं आहेत, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकणारी माणसं आहेत. आणि एकोणचाळिसावं वचन दोन्ही गटांना एकाच रांगेत बसवतं: या सगळ्यांच्या विश्वासाबद्दल चांगलीच साक्ष मिळाली, तरी जे मिळायचं होतं ते त्यांच्या हाती आलं नाही. सिंहाच्या तोंडातून सुटला त्याचा विश्वास जास्त आणि करवतीखाली गेला त्याचा कमी, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. हे आपण कुठून शिकलो कुणास ठाऊक.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातले ते तिघे बघा. शद्रख, मेशख, अबेद्नगो. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं ते, मूर्तीपुढं वाकला नाहीत तर भट्टीत टाकीन म्हणणाऱ्या राजाला सांगतात आणि लगेच पुढं म्हणतात, की त्यानं सोडवलं नाही तरी तुझ्या मूर्तीपुढं आम्ही वाकणार नाही. हे ते भट्टीत पडायच्या आधी बोलतात, निकाल माहीत नसताना. आपल्या बहुतेक साक्षी मात्र निकाल हातात पडल्यावरच्या असतात.

आता सोलापुरात येऊ.

मी छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. आपल्या चादरीला आणि टर्की टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. टॉवेल विकला कसा जातो, हे फार जणांना ठाऊक नसतं. मोठा व्यापारी बघतो जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. तीस बाय साठ इंची टॉवेलवर ५०० जीएसएम छापलं असेल, तर तो काट्यावर साधारण ५८० ग्रॅम भरला पाहिजे. ५०० ग्रॅमच भरला, तर तो ४३० जीएसएमचा झाला. गिऱ्हाईक दुकानात काटा घेऊन जात नाही. हातात मऊ लागला की घेतो. आणि त्या फरकाच्या सुतात चांगला पैसा असतो.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका गृहस्थांचे थोडेसे लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. त्यांच्याकडं दिवाळीच्या तोंडावर बाहेरगावचा एक व्यापारी आला. माल ४३० चा, लेबल ५०० चं. मी तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये व्हाउचर लावत बसले होते. लूमच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं सगळं ऐकू आलं. गृहस्थ म्हणाले, "४३० छापा, भाव उतरवून देतो." व्यापारी म्हणाला, "भाव ठेवा तुमचा तोच. लेबल मात्र मला ५०० चंच पाहिजे. सगळेच छापतात की." यांनी टॉवेल घडी घालून काट्यावरून उचलला, परत थप्पीवर ठेवला आणि म्हणाले, "मग नाही जमायचं मालक."

ऑर्डर दुसरीकडं गेली. त्या बदल्यात देवानं दुप्पट मोठी ऑर्डर पाठवली, असं मी आता लिहीन असं वाटत असेल, तर माफ करा. नाही पाठवली. त्या वर्षी त्यांनी दोन लूम विकले. विक्रीची नोंद मीच केली.

नंतर एकदा मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, "ताई, वाटलं की. पण त्या पैशाची भाकरी ताटात आल्यावर डोळे मिटून प्रार्थना काय म्हणून करायची, सांगा."

हा माणूस साक्षीच्या वेळी कधी उभा राहत नाही. काय सांगणार? "प्रभूची स्तुती असो, माझे दोन लूम गेले"? पण खऱ्या भरवशाचं सोलापुरातलं उदाहरण मला कुणी विचारलं, तर मी याच शेडकडं बोट दाखवीन.

माझं म्हणणं एवढंच आहे, की देवावर आपला भरवसा आहे की नाही हे प्रार्थनेतल्या आवाजावरून ठरत नाही. जिथं खरं वागलं तर नुकसान होणार हे स्वच्छ दिसत असतं, तिथं ते कळतं. माणूस खोटं का बोलतो? पुष्कळदा हौसेनं बोलत नाही, भीतीनं बोलतो. खरं सांगितलं तर भागणार नाही, ही ती भीती. म्हणजे खोटं लेबल चिकटवताना आपण मनातल्या मनात देवाला सांगत असतो, की तुझ्यानं हे होणार नाही, तू बाजूला हो, माझं मी बघतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात चिंता करू नका, पाखरांकडं बघा, रानातल्या फुलांकडं बघा हा भाग पंचविसाव्या वचनापासून आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या घरी फ्रेममध्ये लटकलेला असतो. त्याच्या लगेच आधीचं वचन कुणी लटकवत नाही. देवाची आणि धनाची अशी दोघांची चाकरी तुमच्यानं होणार नाही, असं येशू आधी सांगतो, आणि त्याला धरूनच चिंतेचं बोलतो. आपण मधला धागा कापून फक्त फुलं-पाखरं घरी आणली आहेत.

दुसरी गोष्ट मजुरीची. आपल्या गावात कितीतरी लोकांचा आठवडा शनिवारी संपतो आणि शनिवारीच सुरू होतो. सुताच्या कांड्या भरणारी बाई, लूमवरचे तेलुगू मामा, पॅकिंगची पोरं. बायबलमधलं लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर कारणही दिलंय: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. मालकाच्या प्रार्थना कानी गेल्या की नाही, याबद्दल याकोब काही बोलत नाही.

वर सांगितलेले गृहस्थ शनिवारी सगळ्यांत आधी मजुरी काढतात, मग वीजबिल, मग घर. लूम विकले त्या महिन्यातही तसंच. आणि आपण? घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना "अगं, जरा पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणारे हात रविवारी वर उठलेले मी बघितले आहेत. काही ठिकाणी तर देवाला भिशी चालवायला बसवलंय. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भरत राहा, तुमचाही नंबर लागेल.

आता उलट्या बाजूनंही बोलायला पाहिजे, कारण देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मानणारेही कमी नाहीत.

अरण्यातल्या मान्न्याची, म्हणजे देवानं इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाची, गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रोजच्यापुरता गोळा करा, सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडतील. यावरून एका प्रवचनात मी ऐकलं, की साठवणं हाच अविश्वास. म्हटलं, पाहुणे आहेत, सोलापुरात उतरून काहीच तास झालेले दिसतात. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ड्रम, टाक्या, घागरी भरून ठेवल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात उभं राहावं लागेल, आणि माझ्या विश्वासाचा खर्च तिच्या टाकीतून होईल. शिवाय निर्गमचा सोळावा अध्याय शेवटपर्यंत वाचला, तर सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं होतं, आणि तो ठेवलेला मान्ना नासला नाही. योसेफानं मिसरात सात वर्षं धान्य साठवलं आणि त्या कोठारांवर मिसरासकट आसपासचे देश जगले. साठा कुणासाठी केला आणि वेळ आल्यावर कोठार उघडलं का, एवढंच बघायचं असतं.

औषधाचंही तसंच. बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं आमच्या ओळखीतल्या एका काकूंना शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास अर्धा झाला म्हणे. काकूंच्या सुनेनं ऐकलं नाही म्हणून निभावलं. अहो, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. त्याला "प्रिय वैद्य" म्हणणारा प्रेषित पौलच होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घे, असा घरगुती इलाज त्यानंच लिहून पाठवला. सोबतच्या त्रफिमाला मिलेत गावी आजारी सोडून आलो, हेही त्यानंच लिहिलंय. पौलाच्या प्रार्थनेत कमी होतं असं म्हणायचं का? आणि आपल्या भागातली माणसं इतकी वर्षं मिरजेच्या मिशन दवाखान्याकडं धावली, ती काय अविश्वासानं? मिशनरी डॉ. वानलेसनी तो उभा केला तेव्हा प्रार्थनाही होती आणि चाकूही होता.

पुण्याच्या गाडीनं जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. पैसा कुठून येणार, हे हातात नव्हतं. पण त्याच बाईंनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. गुडघे टेकणं आणि विहीर खणणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हती.

जाता जाता एक बायकांच्या बाजूचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग आपण डोळे मिटून गातो. देवावर सगळं सोपवणारा आणि असेल नसेल ते देऊन टाकणारा माणूस. पण दारात आलेल्या प्रत्येकाला जेवायला कुणी घातलं? लक्ष्मीबाईंनी. आजही कितीतरी घरांत एकाचा भरवसा दुसरीच्या काटकसरीवर चाललेला असतो, आणि प्रार्थनासभेत नाव मात्र पहिल्याचं निघतं.

माझ्या आईनं हे फार रोखठोक निस्तरलं होतं. बाबांची मिल बंद पडली तेव्हा आमचं किराणा सामान पेठेतल्या एका दुकानदार अण्णांच्या उधारीच्या वहीवर चाललं. अण्णा लिंगायत, सिद्धेश्वराचे भक्त, कपाळाला विभूती. त्यांनी कधी व्याज लावलं नाही की पोरांसमोर बाकी विचारली नाही. आईनं थोडी थोडी करून ती सगळी फेडली, आमचे दिवाळी-नाताळचे कपडे थांबवून फेडली. मग एका रविवारी ती साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, "देवानं आम्हाला अण्णांच्या दुकानातून पुरवलं." पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. नाव घ्यायची काय गरज होती, अशी कुजबुजही झाली. आई म्हणाली, "दिलं कुणी ते लपवून देवाचे आभार मानू का?"

एवढं सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या मंडळीची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. मागच्या वेळी नाताळच्या रोषणाईचा खर्च दहा मिनिटांत मंजूर झाला. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार वाढवायचा विषय "पुढच्या बैठकीत घेऊ" म्हणून बाजूला गेला, आणि तो पगार महिन्याच्या कुठल्या तारखेला हातात पडतो, हे तर कुणी विचारलंच नाही. यंदा मी विचारणार आहे. पहिल्या तारखेला पगार आणि रोषणाईच्या आधी वाढ, असा ठराव लिहून ठेवलाय. अनुमोदनाला माणूस हवा आहे. इथं वाचणाऱ्यांपैकी आमच्या मंडळीतले जे असतील, त्यांनी मेसेंजरवर कळवा. खजिनदारांना मी आधीच फोन केलाय, म्हटलं पगाराची वही सोबत घेऊन या.