आत्मविश्वासावर भाषण नको, संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवा

इंजिनिअरिंगच्या प्रथम वर्षाचे प्रवेश संपत आले की नव्या मुलांच्या स्वागत कार्यक्रमासाठी, म्हणजे इंडक्शनसाठी, मला ओळखीच्या कॉलेजांतून फोन येतात. "मॅडम, इंडक्शन आहे, मुलांना तासभर जरा मोटिव्हेट करा ना." खेड्यापाड्यातून आलेली मुलं असतात, बुजलेली असतात, त्यांचा कॉन्फिडन्स वाढवा, असा एकूण आग्रह. यंदा मी सरळ सांगितलं की भाषणाला येणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक वर्ग, फळा आणि खडू द्या, सत्रभर येते. मानधन नको. "बघतो मॅडम, वर विचारून सांगतो." वर कोण बसलंय देव जाणे, अजून खाली काही आलेलं नाही.

माझी नोकरी मेकॅनिक्स शिकवण्यात गेली. आता निवृत्तीनंतर पुण्यात होस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींबरोबर बसते. ही शिकवणी नाही, पोर्शन मी पूर्ण करत नाही. अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, एवढंच आम्ही बघतो. आणि त्यावरून माझं ठाम मत झालंय की आत्मविश्वास भाषणातून वाटता येत नाही. तो अभ्यासाच्या आधी येत नाही, मागून येतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडून ठेवलंय की 'मला हे जमेल' या भावनेचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे ती गोष्ट आपण स्वतः करून दाखवलेली असणं. दुसऱ्याने 'तुला जमेल रे' म्हणणं हा त्यातला कच्चा आधार. पहिल्या इनसेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, ३० पैकी ७ पडले की तो गळून पडतो. आपण मात्र इंडक्शनचा सगळा खर्च त्या कच्च्या आधारावर करतो. वर पुष्पगुच्छ आणि शाल.

ही मुलं 'कच्ची' आहेत हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. कुठून येतात ते तरी बघा. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, एमएचटी-सीईटीला, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलगा पर्याय उलटे घालून उत्तर काढायला शिकतो, आणि ते तो झकास शिकतो. बोर्डाचे मार्क हवेत ते पात्रतेपुरते, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटात ४५ टक्के, राखीवला ४०. कित्येकांचं नाव ज्युनिअर कॉलेजात आणि मुलगा क्लासात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. मग हाच मुलगा कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून येतो. तोवर वर्गात एखादं युनिट उरकलेलं असतं, आणि समोर येते कोरी उत्तरपत्रिका. पर्याय गायब. दोन पानांची पायरीवार मांडणी करायची, आकृती काढायची, गृहीतकं लिहायची. हे त्याच्याकडून दोन वर्षांत कुणी करूनच घेतलेलं नाही. त्याला 'आत्मविश्वास कमी आहे' म्हणणं सोपं आहे, कारण मग दोष त्याच्या स्वभावाचा ठरतो.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगते, कारण सगळा विषय त्यात आहे.

लातूरकडचा एक मुलगा वही घेऊन आला. "मॅडम, मला हे सगळं येतं. पेपरात आठवत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तर देत नाही, वही मागते. वही सुरेख होती. निळी शाई, हिरवी शाई, उत्तराला दुहेरी चौकट. भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित होतं. भिंत गुळगुळीत, जमीन खरखरीत. म्हटलं, वही मिट आणि हेच गणित कोऱ्या कागदावर कर. आकडेसुद्धा तेच घे.

त्याने शिडी काढली. मधोमध वजनाचा बाण काढला. जमिनीची रिअ‍ॅक्शन काढली, भिंतीची काढली. आणि लगेच सिग्मा एफएक्स इक्वल टू झिरो, म्हणजे आडव्या बलांची बेरीज शून्य, असं लिहायला घेतलं. एफएक्समध्ये एकटी भिंतीची रिअ‍ॅक्शनच उरली, म्हणजे ती शून्य. तिथे पेन थांबला. "वहीत असं नव्हतं," म्हणाला. मी विचारलं, शिडी घसरली तर तिचा पाय कुठे जाईल? त्याने हाताने दाखवलं, भिंतीपासून लांब. मग आत्ता ती घसरत नाहीये, तर तिला अडवलंय कुणी? थोडा वेळ गेला. मग त्याने स्वतःच घर्षणाचा बाण काढला, भिंतीच्या दिशेने, बरोबर. पुढे मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) 'ए' बिंदूपाशी, म्हणजे शिडीच्या पायापाशी घ्यायचा हे त्याला पाठ होतं. 'ए'च का, हे माहीत नव्हतं. पायापाशी दोन अनोळखी बलं एकाच बिंदूतून जातात, म्हणून तिथे मोमेंट घेतला की दोन्ही समीकरणातून गळतात आणि भिंतीची रिअ‍ॅक्शन एकटी हाताला लागते. हे कळल्यावर तो जे म्हणाला ते मी अनेक प्राध्यापकांना सांगितलंय: "हे सरांनी सांगितलं असेल मॅडम, मी तेव्हा लिहून घेत होतो."

बघा, मुलगा आळशी नाही. वर्गात बसतो, सगळं उतरवून घेतो, रात्री तीच वही तीनदा वाचतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं त्याला वाटतं. यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० टक्क्यांवर आणि आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर. पेपर पाच मिनिटांनी नसतो, ही यातली गोम आहे. गंमत म्हणजे आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल असं वाचणाऱ्या गटालाच जास्त वाटत होतं. म्हणजे आत्मविश्वास त्यांच्याकडे भरपूर होता! तेव्हा नुसता कॉन्फिडन्स वाढवा म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे. त्या दिवशीचं लेक्चर त्याच दिवशी, वही मिटून, कोऱ्या कागदावर. जेवढं आठवेल तेवढं. अडेल तिथे रेघ मारायची आणि मगच वही उघडायची. पहिले काही दिवस मुलं वैतागतात, कारण कागदावर तीन ओळी येतात आणि रेघाच जास्त. मी त्यांना सांगते, त्या रेघा म्हणजे तुझा अभ्यासक्रम. बाकीचं तुला येतंय, त्यावर वेळ घालवू नको.

दुसरी गोष्ट शंका विचारण्याची. "डाउट्स विचारा" असं प्रत्येक जण म्हणतो, पण शंका तयार कशी करायची हे कुणी शिकवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली एक मुलगी कितीतरी दिवस "काहीच कळत नाही" एवढंच म्हणायची. काहीच कळत नाही याला जगातला कुठलाही शिक्षक उत्तर देऊ शकत नाही. तिला एकच काम दिलं: कुठल्या ओळीपर्यंत कळलं तिथे बोट ठेव, आणि पुढच्या ओळीबद्दल एक वाक्य लिही. "तिसऱ्या ओळीत कॉस होता, चौथीत साइन कसा झाला?" हा प्रश्न झाला. असे प्रश्न चिठ्ठीवर लिहून ती सरांकडे जायला लागली, आणि सरांनी तिला दोन-दोन मिनिटांत उत्तरं दिली. वेळ नाही म्हणणारे सरसुद्धा नेमक्या प्रश्नाला वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न इंग्रजीतच विचारला पाहिजे ही भीती वेगळीच. मी म्हणते, "सर, इथे रिअ‍ॅक्शन परपेंडिक्युलर का घेतली?" असं विचार. स्टाफरूममध्ये आम्ही असंच बोलतो. २०२१ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली, मराठीतून पुस्तकंही आली, त्याचं स्वागतच आहे. इंग्रजीचं ओझं खोटं नाही. पण वही तीनदा वाचणारा मुलगा मराठी वहीही तीनदाच वाचणार.

आता ज्याचा मला खरा राग येतो ते. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही, आणि ते एकटंच नाही) नोटीस बोर्डावर 'स्लो लर्नर्स' म्हणून यादी लागली होती. नावं, रोल नंबर, खाली एचओडींची (विभागप्रमुखांची) सही. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या कागदपत्रांत स्लो आणि अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्ससाठी काय करता, असा रकाना असायचा, तो भरायला पुरावा हवा. त्या यादीतल्या मुलांचे जादा तास शनिवारी दुपारी, मेसला सुट्टी असते तेव्हा. तिथे आधीच्याच नोट्स आणखी सावकाश वाचून दाखवायच्या. किती मुलं येणार? मी असते तर मीही गेले नसते.

याच्या अगदी उलट केलेलं काम कॅलिफोर्नियात बर्कलेला झालंय. युरी ट्राइसमन तेव्हा तिथे गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का नापास होतात, याची प्राध्यापकांकडे ठरलेली उत्तरं होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांवर जाऊन बसले आणि त्यांना वेगळंच दिसलं. ही मुलं कष्टाळू होती, पण एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाचे विद्यार्थी एकमेकांची गणितं तपासत होते, जुने पेपर एकत्र सोडवत होते, कुणाचं काय चुकतंय हे एकमेकांना माहीत होतं. मग त्यांनी गट बसवले, आणि त्यांना सोपी 'रेमेडियल' गणितं न देता नेहमीपेक्षा अवघड दिली. निकाल बदलला.

आमच्या होस्टेलवर मला हेच दिसतं. एकाच खोलीत तिघं, तिघांनाही तेच गणित अडलेलं, आणि तिघंही भिंतीकडे तोंड करून बसलेले. आपल्याला येत नाही हे दुसऱ्याला कळू नये म्हणून. प्रत्येकाला वाटतं बाकी सगळ्यांना येतंय. त्या संध्याकाळच्या वर्गात मी मुख्यतः एकच काम करते, तिघांना एका फळ्यासमोर उभं करते आणि खडू सगळ्यात गप्प असणाऱ्याच्या हातात देते. तो चुकला की बाकीचे दोघं हसत नाहीत, कारण त्यांचीही तीच चूक झालेली असते.

टाइमटेबलबद्दल फार लिहीत नाही. सोमवारी भिंतीवर चिकटवलेलं रंगीत टाइमटेबल बुधवारी मरतं. 'कमवा व शिका'मध्ये काम करणाऱ्या, संध्याकाळी पार्सल पोचवणाऱ्या मुलाला दहा तासांच्या अभ्यासाचा तक्ता देणं ही चेष्टा आहे. त्याला मी रोजचा अर्धा तास मागते, तोही कोऱ्या कागदाचा. जर्नल उतरवण्यात जाणारा वेळ वाचवता आला असता तर आणखी मागितला असता, पण सबमिशनपुढे माझं काही चालत नाही.

आता खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "मुलांनी मोबाईल सोडला की सगळं होईल." मोबाईल त्रास देतो, मान्य. पण माझ्याकडे येणाऱ्यांत मोबाईल कपाटात ठेवून चार तास वही वाचणारी मुलंही आहेत आणि त्यांनाही एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढे जाणं) लागलेली आहे. आणि "आमच्या वेळी कुणी शिकवलं होतं का असं?" म्हणणाऱ्यांसाठी: नव्हतं शिकवलं. आमच्या बॅचमधले किती जण पहिल्या वर्षीच गळले ते आठवा. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

कॉलेजांना यात खर्च काय? एक वर्ग, दोन संध्याकाळी, पाच ते सात. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं, ज्यांना स्वतःला पहिल्या वर्षी मेकॅनिक्स किंवा गणितात एटीकेटी होती आणि नंतर सुटली. टॉपर नकोत, त्यांना कुठे अडतं तेच आठवत नाही. या दोघांना तासाचे पैसे द्या, फुकट राबवू नका. यादी लावू नका, ज्याला यायचंय तो येईल. मेकॅनिक्सचे आणि पहिल्या सत्राच्या गणिताचे, माझ्या अनुभवाने मुलं जिथे हमखास अडतात असे प्रश्न मी काढून ठेवलेत, उत्तरांशिवाय. ज्या शिक्षकांना किंवा सीनियर मुलांना असा वर्ग सुरू करायचाय त्यांनी मेसेज करा, पाठवते. उत्तरं मागू नका, ती देणार नाही.