‘प्रत्येकाने आपापलं काम चोख करावं’ हे पुरत नाही

ऑफिसच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतो: “प्रत्येक विभागाने आपापलं काम शंभर टक्के चोख केलं की संस्था आपोआप पुढे जाते.” खाली तीन नियम जोडलेले असतात. ऐकायला बिनतोड वाटतात, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

“कोणालाही रिकामं बसू देऊ नका.” काम कधी एकदम अंगावर येतं, कधी येतच नाही, आणि प्रत्येक कामाला सारखाच वेळही लागत नाही. अशा रांगेचं सगळ्यात साधं गणित घ्या. काम करणारा एकच आहे आणि तो ८० टक्के वेळ गुंतलेला आहे. नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ ताटकळावं लागतं. ९० टक्क्यांना हेच नऊपट होतं, ९५ ला १९ पट. म्हणजे सहीला अर्धा तास, पण फाइल साडेनऊ तास टेबलावर पडून. शंभर टक्के गाठायला गेलात तर रांग वाढतच राहते. सगळ्यांची दमछाक होते आणि काम मात्र बाहेर पडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

“प्रत्येक विभागाला स्वतंत्र टार्गेट द्या.” खरी गोम इथे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६० च्या सुमारास प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटाने ‘बिअर गेम’ तयार केला, म्हणजे बिअरच्या पुरवठ्याचा खेळ. त्यात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चौघे असतात. आपसांत बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल हाती पडायला काही आठवडे जातात. ग्राहकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि पुढे जागची हलत नाही. एवढ्याने गोंधळ उडतो! विक्रेत्याचा साठा संपतो, तो घाबरून जादा मागवतो. आधीचा माल वाटेतच आहे हे विसरून पुन्हा मागवतो. कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर मागणी भलतीच फुगलेली असते. मग सगळा माल एकदम येऊन थडकतो आणि ऑर्डरी बंद. खेळणाऱ्यांना विचारा, ते सांगतील की ग्राहकच लहरी होता. वास्तविक प्रत्येकजण आपल्यापुरता शहाणाच वागलेला असतो. घोळ होतो तो मालाच्या उशिरामुळे आणि मधेच अडणाऱ्या माहितीमुळे, आणि या दोन्ही गोष्टी कुठल्याच एका विभागाच्या टार्गेटमध्ये बसत नाहीत.

“चूक झाली की माणूस शोधा.” मालाच्या गुणवत्तेवर काम करणारे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग आपल्या कार्यशाळेत ४,००० मणी ठेवत, त्यातले ८०० लाल, बाकीचे पांढरे. ‘कामगारांनी’ ५० खळग्यांची फळी बुडवून मणी काढायचे. लाल निघाला की तो सदोष माल. कमी लाल काढणाऱ्याची पाठ थोपटायची, जास्तवाल्याला तंबी द्यायची. पुढच्या फेरीत शाबासकीवालाच मागे पडू शकतो, कारण हातात कौशल्य नसतंच, मिश्रणच तसं असतं. निष्काळजी माणसं असतात, नाही कोण म्हणतं? पण माणूस बदलूनही तीच चूक पुन्हा झाली, तर तिसऱ्याला नोटीस धाडण्याआधी त्या खुर्चीपर्यंत काम, माहिती आणि मुदत कुठून येते ते बघा.